यंत्र केव्हा थांबवावे

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पवनऊर्जा प्रकल्पाच्या देखभाल विभागात तू रुजू होणार असल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. उभारणीचे काम सोडून चालू यंत्रांकडे का वळलीस, असे तुला पुष्कळजण विचारतील. माझ्या मते तुझी निवड योग्य आहे. जगातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता 2023 मध्ये 10 लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्यातील प्रत्येक यंत्र एकदा उभे राहिले की पुढची 20 ते 25 वर्षे ते कोणाला तरी चालवावेच लागते. उभारणीचे फोटो निघतात, ग्रीस भरतानाचे निघत नाहीत, हे मात्र मनाशी धरून जा.

या कामात इतकी वर्षे काढल्यावर मला तुला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्र केव्हा थांबवायचे, हे आपण ठरवावे. ते यंत्रावर सोडले, तर सगळ्या भागांवर सर्वाधिक ताण असतो तेव्हा, म्हणजे नेमके भर वाऱ्याच्या दिवसांत, ते थांबण्याचा संभव जास्त.

तिथे गेल्यावर तुझ्या कानावर सर्वांत आधी पडेल तो ‘अव्हेलेबिलिटी’चा, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ यंत्र चालण्यास तयार होते याचा आकडा. 97 टक्के ऐकायला उत्तम वाटते. पण उरलेले 3 टक्के म्हणजे वर्षाचे सुमारे 11 दिवस, आणि ते दिवस कोणते, हे तो आकडा सांगत नाही. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात आपण बंद ठेवलेले यंत्र आणि 10 मीटरच्या वाऱ्यात बंद पडलेले यंत्र वेळेच्या हिशेबात सारखेच दिसते, विजेच्या हिशेबात मात्र दुसऱ्याचे नुकसान जवळजवळ आठपट असते. म्हणून मासिक अहवालात वेळेच्या आकड्याशेजारी बुडालेल्या युनिटांचा आकडाही मांडण्याचा आग्रह धर. तो सगळ्यांना आवडेलच असे नाही, कारण पुष्कळ कंत्राटे वेळेच्याच आकड्यावर बांधलेली असतात.

नियोजित कामे मंद वाऱ्याच्या काळात उरकावीत हे सगळ्यांनाच माहीत असते. अडते ते सुट्या भागांवर. वारा पडल्यावर मागणी नोंदवली, तर बेअरिंग येईपर्यंत वारा पुन्हा सुरू झालेला असतो. गिअरबॉक्सच्या बाबतीत हे फार महागात पडते. मोठ्या यंत्राचा रोटर, म्हणजे पात्यांसह फिरणारा भाग, मिनिटाला जेमतेम 12-15 फेरे घेतो, आणि गिअरबॉक्स त्यांचे 1500 च्या आसपास फेरे करून जनरेटरला देतो. विजेच्या आणि नियंत्रण यंत्रणेच्या तक्रारी वारंवार येतात, पण बहुधा लवकर सुटतात. गिअरबॉक्स क्वचितच बिघडतो, मात्र बिघडला की क्रेन लागते आणि क्रेनला काम करायला शांत हवा लागते. सुदैवाने तो बराच आधी सूचना देतो. यंत्र थांबवल्यावर तेल गरम असतानाच नमुना घे, दरवेळी एकाच जागेवरून घे, आणि चुंबकी प्लगला चिकटलेला चुरा बोटांवर घेऊन उजेडात पाहा. बारीक काळसर लगदा नेहमीच्या झिजेचा असतो. चकचकीत पापुद्रे दिसले, तर कंपनांचा आलेख आणि बोअरस्कोप (आत घालून पाहायचा बारीक नळीचा कॅमेरा) यांच्याकडे त्याच दिवशी वळायला हवे. बोल्टवर ओढलेली रंगाची रेघही अशीच बोलते: नटावरची आणि फ्लँजवरची (जोडाच्या कडेवरची) रेघ जुळत नसेल, तर बोल्ट सैल होऊ लागला आहे.

याउलट स्काडाच्या, म्हणजे दुरून देखरेख व नियंत्रण करणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, पडद्यासमोर बसून रीसेट करण्याची सवय लावून घेऊ नकोस. यंत्र ट्रिप होते, म्हणजे दोष जाणवून आपोआप थांबते, दुरून रीसेट होते, तासाभराने पुन्हा ट्रिप होते, आणि अहवालात सगळे सुरळीत दिसते. पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेचा, अलार्म दुसऱ्यांदा आला की वर चढून पाहायलाच हवे. पाती वाऱ्याला कड देऊन वळवणे हाच या यंत्राचा मुख्य ब्रेक आहे. ग्रीड गेल्यावर तो ज्या बॅटऱ्यांवर चालतो, त्या निकामी असतील तर कागदावरची अव्हेलेबिलिटी काय कामाची?

पात्यांबद्दल थोडेच सांगतो. टोकाचा वेग ताशी 290 किलोमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे पावसाचे थेंबसुद्धा पुढची कड खरवडतात. ती खरवड लहान असतानाच भरून घ्यावी; लेप कोरड्या हवेतच नीट धरतो, म्हणून तो दिवसही आधीच राखून ठेवावा लागतो.

आता वर चढण्याबद्दल. हार्नेसची तपासणी रोज स्वतःच्या हातांनी कर. रोटर लॉक बसल्याची खात्री झाल्याशिवाय हबमध्ये, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागात, पाऊल टाकू नकोस. कन्व्हर्टरचे (जनरेटरची वीज ग्रीडला जुळवून देणाऱ्या उपकरणाचे) कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहतात, तेव्हा नियमपुस्तिकेने सांगितलेला वेळ थांब आणि मग मीटर लावून पाहा. वाऱ्याची मर्यादा ओलांडली किंवा वीज चमकू लागली, तर काम अर्धवट टाकून खाली उतरावे, वरिष्ठ काहीही म्हणोत.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक यंत्राचे मागील तेल-अहवाल, पिच बॅटऱ्यांच्या चाचण्यांच्या नोंदी आणि वारंवार रीसेट झालेल्या अलार्मची यादी मागून घे. एखाद्या यंत्राची नोंद मिळाली नाही, तर तपासणीची सुरुवात त्याच यंत्रापासून कर.

कळावे,
तुझा बाबा