नाटकात नव्हे, नाटकाचं काम

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "म्हणजे तू आता नाटकात काम करतेस का?" मी घाईघाईत "हो" म्हणून टाकलं आणि आठवडाभर ते उत्तर मनात टोचत राहिलं. मी नाटकात काम करत नाही, नाटकाचं काम करते. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

इथल्या कॉलेजच्या नाट्यविभागात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. दिग्दर्शक नाटक बसवतात, नेपथ्यकार आराखडा काढतात. तो आराखडा किती दिवसांत, किती पैशांत आणि कुणाच्या हातून उभा राहणार, हे बघणं माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मी कॅलेंडर शेवटाकडून भरत आणलं. शुभारंभाची तारीख हलत नाही. त्याआधी टेक वीक, म्हणजे प्रकाश, ध्वनी, सेट आणि नट पहिल्यांदा एकत्र येतात तो आठवडा. त्याआधी सेट रंगमंचावर लावायचे दिवस, त्याआधी सुतारकाम आणि रंग. असं मागे मागे येता कळलं, की पक्का आराखडा मी रुजू होण्याआधीच हातात यायला हवा होता. मग नेपथ्यकारांशी बसून दोन जिन्यांचा एक जिना केला. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण सगळ्यांना एकाच जिन्यावरून जावं-यावं लागल्यामुळे पात्रं एकमेकांना आडवी येऊ लागली, आणि दिग्दर्शकांनी त्यातूनच दुसऱ्या अंकातला एक सुंदर प्रसंग बसवला.

सेट बांधतात ती अठरा-वीस वर्षांची मुलं. निम्म्यांनी याआधी ड्रिल हातात धरलेलं नाही. आजवर मी जिथे जिथे काम केलं, तिथे अडलं की मीच करवत उचलायचे. इथे तसं चालत नाही. इथे नाटक हाच त्यांचा वर्ग आहे. मी हात घातला की त्यांचा तास गेला.

त्याच जिन्याचं सांगते. जिन्याच्या वर एक चौथरा आहे, ४ बाय ८ फुटांचा, लाकडी चौकटीवर पाऊण इंची प्लाय. एक मुलगी त्याचे पाय कापायला बसली आणि तिने पूर्ण उंचीची खूण केली. वरच्या प्लायची जाडी वजा करायला ती विसरली होती. मला लांबूनच आकडा दिसला. सांगावं का? लांब राहिलेला पाय पुन्हा कापता येतो, आखूड झालेला वाढवता येत नाही. तिचे लांबच राहणार होते. मी गप्प बसले, आणि ते फार जड गेलं.

दुपारी जिना चौथऱ्याला लावला. ती चढून बघायला गेली आणि शेवटच्या पायरीवर ठेचकाळून थांबली. "ही वेगळी लागतेय," म्हणाली. दोन पायऱ्या चढल्या की पावलाला उंची पाठ होते, मग डोळा खाली बघत नाही. पाऊण इंचाचा फरकही अंधारात माणूस पाडतो. तिने टेप काढला, मोजलं, आणि कुणी काही सांगायच्या आत सहाही पाय उतरवले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्लाय वजा करा'. अर्धा दिवस गेला. तो दिवस मी कॅलेंडरमधून आनंदाने दिला.

पण आई, प्रत्येक चुकीला मी अशी वाट देत नाही, हे तुला मुद्दाम सांगते. रंगमंचाच्या वर आडवे लोखंडी पाइप असतात. त्यांना पडदे, देखावे टांगतात आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाच्या लोखंडी विटा रचतात, म्हणून शेकडो किलोंचा देखावा एकटा माणूस ओढून वर नेतो. नियम असा, की पाइप खाली असताना आधी त्याला देखावा बांधायचा, मग विटा चढवायच्या. काढताना आधी विटा, मग देखावा. क्रम उलटला की विटांची बाजू कोसळते आणि पाइप सुसाट वर जातो. तिथे मी स्वतः शेजारी उभी असते. कुणीही, अगदी पहिल्या वर्षाचं पोरही, "थांबा" म्हणालं की सगळे थांबतात. कारण नंतर विचारायचं.

अग्निरोधक पडदाही मी सगळ्यांसमोर पाडून दाखवते. शिकागोला इरोक्वॉय नावाचं नवंकोरं थिएटर होतं. ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळाला एका दिव्याच्या ठिणगीने रंगमंचावरच्या पडद्यांनी पेट घेतला. आग अडवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर पडायची कित्येक दारं उघडली नाहीत, ६०० हून अधिक माणसं गेली. त्यांत लहान मुलं पुष्कळ. थिएटर उघडून जेमतेम महिना झाला होता. हे ऐकल्यापासून मुलं दारासमोर साधी खुर्चीसुद्धा ठेवत नाहीत.

सध्या टेक वीक चालू आहे. स्टेज मॅनेजरही विद्यार्थीच, अगदी हळू आवाजाचा. त्याच्या प्रॉम्प्ट बुकमध्ये संहितेच्या कडेला प्रत्येक दिव्याची, आवाजाची, हालचालीची खूण आहे, अशी की तो आजारी पडला तर दुसऱ्याने वही उघडून प्रयोग चालवावा. तो "पाच मिनिटं" म्हणतो, नट एका सुरात "थँक यू, पाच" म्हणतात, म्हणजे ऐकलं. मग हेडसेटवर "स्टँडबाय", आणि क्षण आला की "गो". 'गो' हा शब्द तो एरवी कशासाठीच वापरत नाही, नाहीतर कुणाचा तरी हात बटणावर पडायचा. काल त्याने पहिला अंक न अडखळता चालवला. मी मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. बाबा, इतकं रिकाम्या हातांनी आणि इतकं भरून येऊन मी कधी बसले नव्हते.

परवा रंगीत तालमीचे फोटो काढतील, ते दादाच्या फोनवर पाठवते. त्यांत मी कुठेच दिसणार नाही. जिन्याची शेवटची पायरी तेवढी बघा.

तुमची,
धाकटी