काका, कॅनूतल्या पुढच्या जागेबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही लगेच नदीची पातळी विचारता, म्हणून हे लिहून काढत आहे. उघडपणे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल आणि सव्हानाकडच्या आपल्या मराठी मंडळींना बास या गोड्या पाण्यातल्या माशाची मासेमारी म्हटली की अफाट तलाव, दोनशे अश्वशक्तीची मोटारबोट आणि पाण्याखालचे मासे दाखवणारे पडदे आठवतात. एवढा खर्च करायचा कशाला, असे म्हणून ती तिथेच थांबतात. मीही तसाच थांबलो होतो. सतरा फुटांच्या कॅनूतून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, जिथे मोटारबोट शिरूच शकत नाही अशा दलदलीत आणि अरुंद नद्यांमध्ये हा मासा किती जवळून भेटतो, हे तुम्ही मला दाखवले.

पहिल्या दिवशी तुम्ही माझा नवा कोरा रॉड, म्हणजे गळाची काठी, गाडीतच ठेवायला लावला होता. आपण जॉर्जियातल्या फार्गोच्या बाजूने ओकेफेनोकीत शिरलो. १९३७ साली अभयारण्य झालेली, सुमारे पावणेदोन लाख हेक्टरांवर पसरलेली ती दलदल. कोऱ्या चहासारखे गडद पाणी, त्यात सायप्रसच्या बुंध्यांचे इतके स्वच्छ प्रतिबिंब की झाड कुठे संपते ते कळू नये. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातल्या टॅनिनने पाणी काळे होते आणि आम्लही, म्हणून इथे बास फारसा मिळत नाही, हे तुम्ही तिथे पोहोचल्यावर सांगितलेत. मग आलो कशाला, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “बसायला शीक आधी.” त्या दिवशी मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या खेपेला रॉड मिळाला आणि तासाभरात गळाला लागलेला लांबट, तेलकट हिरवा मासा पाहून मी “मरळ! मरळ!” असे ओरडलो. भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या मुलाला दुसरे काय आठवणार? तुम्ही मालवणचे, समुद्राच्या माशांत वाढलेले, तरी तुम्ही तो मासा ओल्या हातांनी धरून शांतपणे पोटाकडचा मागचा पर दाखवलात. मरळीचा तो पर लांबलचक असतो आणि याचा आखूड, म्हणून हा बोफिन. मरळ अमेरिकेत आणण्यावर २००२ पासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये जॉर्जियातल्या एका तळ्यात तिची एक जात सापडली, तेव्हा ती दिसताच मारावी असे सरकारनेच कळवले होते. बोफिन मात्र इथलाच, अतिप्राचीन कुळातला मासा, आणि केवळ रूपसाम्यामुळे लोक त्याला मारून टाकतात. मरळीसारखाच तोही वर येऊन हवा घेतो, मरळीसारखाच पिल्लांची राखण करतो. परदेशातल्या पाण्यात मला ओळखीचे असे काही पहिल्यांदा दिसले ते त्या दिवशी, आणि ते तुम्ही माझ्या हातात दिलेत.

तुमची ती ग्रमन कंपनीची ॲल्युमिनियमची कॅनू, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बांधणाऱ्या कारखान्यातून निघालेल्या वाणाची, ढोलासारखी वाजते. म्हणून तळाला तुम्ही जुन्या कार्पेटचे तुकडे अंथरले होते आणि वल्हे काठाला लागले की तुमचा घसा खाकरल्याचा आवाज मागून येई. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी संवेदनशील रेषा असते, तिला पाण्यातले बारीक हादरे कळतात. टाचणी पडली तरी कळेल असे समजून वाग, असे तुम्ही सांगितले होते. वल्हे ओढून झाल्यावर शेवटी त्याचे पाते किंचित बाहेर वळवायचे, म्हणजे एकाच बाजूने वल्हवूनही होडी सरळ जाते, ही युक्ती मला तीन महिन्यांनी साधली. नांगराऐवजी मागून सोडायची हातभर साखळी मात्र पहिल्याच दिवशी पटली: नांगर प्रवाहात अडकला तर कॅनू बुडवू शकतो, साखळी तळावरून घासत येते आणि होडी हळू, सरळ तोंडाने उतरत राहते.

खरा बास तुम्ही सुवानीवर दाखवलात. ओकेफेनोकीतून निघालेली हीच काळी नदी फ्लोरिडात चुनखडीच्या प्रदेशात शिरते, झऱ्यांचे पाणी तिला मिळत जाते, आम्लता उतरते आणि तिथे सुवानी बास राहतो. वीतभरापेक्षा थोडा मोठा, क्वचित फूटभराच्या पुढे जाणारा, गालांवर आणि पोटावर निळसर हिरवी झाक असलेला हा मासा जगात या आणि शेजारच्या मोजक्या नद्यांतच सापडतो. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले १९४९ मध्ये, आणि ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ त्याच वर्षी बनवले, हा योगायोग सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. ते गांडूळ टेक्सास रिगने, म्हणजे गळाचे टोक त्याच्याच अंगात लपवून, सायप्रसच्या मुळांतून सोडायचे. मुळांत अडकत नाही, माशाच्या तोंडात मात्र टोक बाहेर येते. वळणाच्या बाहेरच्या काठाखाली पाण्याने कोरलेली पोकळी, पडलेल्या झाडामागचे संथ पाणी, खडकाच्या पाठीमागचा भोवरा: मासा जिथे कमी कष्टात दबा धरू शकतो तिथेच असतो, हे एकदा कळल्यावर सगळी नदी वेगळी दिसू लागली.

माझ्या हातून झालेला अपघातही इथे लिहायलाच हवा. फांदीत अडकलेले आमिष सोडवायला मी फांदी धरली, कॅनू आडवी फिरली आणि प्रवाहाने ती पडलेल्या झाडावर दाबली. अशा वेळी माणूस झाडापासून दूर झुकतो, मीही झुकलो, आणि वरच्या बाजूने पाणी आत आले. तुम्ही मला लाइफ जॅकेटच्या खांद्याला धरून बाहेर ओढलेत, वाळूवर बसवून कोरडा शर्ट दिलात, आणि रागावण्याऐवजी त्याच ठिकाणी पुन्हा नेऊन झाडाच्या दिशेने झुकायला शिकवलेत. वय वर्षे चौऱ्याहत्तर होते तुमचे. त्या दिवशी माझ्या पत्नीला काय सांगावे हे मला सुचत नव्हते. तेही तुम्हीच सांगितलेत.

घरी मासा न्यायचा माझा आग्रहही तुम्ही डॉक्टरच्या भूमिकेतून मोडून काढलात. दलदलीच्या आम्ल, प्राणवायू कमी असलेल्या चिखलातले जीवाणू पाऱ्याचे विषारी रूप तयार करतात, ते लहान माशांतून मोठ्यांत साठत जाते, म्हणून मोठा बास परत सोडायचा. लहान ब्लूगिल मात्र तुम्ही तुमच्या मसाल्यात, कोकम लावून, रव्यात घोळवून खाऊ घातलेत. त्या जेवणाच्या वेळी ऐकलेली जॉर्ज पेरीची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे: २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या ऑकमल्गी नदीच्या मुख्य प्रवाहापासून सुटलेल्या एका वळणातल्या पाण्यात, घरी बनवलेल्या होडीतून, या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला आणि घरच्यांनी तो खाल्ला. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली, तो मोडला मात्र अजून गेलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. टेक्सासला मुलीकडे जाताना तुम्ही कॅनू मला दिलीत, आणि गेल्या फेब्रुवारीत मी प्रथमच मागच्या बाकावर बसलो. पुढे माझी अकरा वर्षांची मुलगी होती. पुढच्याने आमिष टाकायचे असेल तर मागच्याला सतत होडी कोनात धरावी लागते, वारा सांभाळावा लागतो, फांद्यांवरची गांधीलमाश्यांची पोळी चुकवावी लागतात. सहा तासांत माझा रॉड तळाशी पडून राहिला. मुलीने तीन मासे धरले आणि सोडले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आपल्या चार वर्षांच्या फेऱ्यांत मी तुम्हाला आमिष टाकताना बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिले आहे. मी समजत होतो की तुम्हाला आता मासे धरण्यात रस उरलेला नाही. तुम्ही मला असे समजू दिलेत.

मार्चमध्ये पाणी सोळा अंशांच्या पुढे गेले की बासचे नर घरटे साफ करायला लागतील. तुमच्या मुलीशी माझे बोलणे झाले आहे, विमानतळावर मी घ्यायला येईन. कार्पेटचे तुकडे बदलले आहेत, साखळीला गंज लागलेला नाही. गुडघ्यांसाठी जाड गादी पुढच्या जागेत बांधून ठेवली आहे आणि या वेळी मागे मी बसणार आहे.

तुमचा कृतज्ञ,
भंडाऱ्याचा मुलगा, जॅक्सनव्हिल