शाआर हारहमीमच्या काकांना

शालोम काका,

तुम्ही मला आपल्या शाआर हारहमीम सिनेगॉगचा, म्हणजे मुंबईतल्या आपल्या ज्यू प्रार्थनास्थळाचा, इतिहास सांगितलात, त्याबद्दल हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

सामुएल इझिकेल दिवेकरांची एकच गोष्ट आमच्या घरात सांगितली जायची. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातले, आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला. सुटकेची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत हे सिनेगॉग बांधलं. तुम्हीही तीच गोष्ट सांगितलीत, पण टिपूच्या आईचा उल्लेख येताच थांबलात आणि म्हणालात, "हे मागून ऐकत आलेलं आहे, बरं का." आपल्याच पूर्वजांबद्दल बोलताना इतकं नेमकं राहणं सोपं नाही. त्यामुळेच बाकीच्या शब्दावर माझा विश्वास बसला.

पुढचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. इमारत झाली, सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची पवित्र गुंडाळी, हवी, म्हणून दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. मला कैदेच्या गोष्टीपेक्षा हीच जास्त भिडते. कोकणात शनिवार पाळणाऱ्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या लोकांनी तोवर प्रार्थना घरातच केली होती. मुंबईला कामासाठी आलेल्या पेणकर, रोहेकर, नवगावकरांना एकत्र बांधणारी जागा या माणसाने दिली. मुकादम (प्रमुख), गबई (खजिनदार), हजान (प्रार्थना चालवणारे), शमास (सिनेगॉगची देखभाल करणारे) कोण आणि कुणाचं काम काय, हेही तुम्ही किती बारकाईने समजावलंत! पुढे कोचीनहूनच शिक्षक आले, शेजारी शाआरे रासोन हे दुसरं सिनेगॉग झालं, म्हणून आपलं ते 'जुनं'. १८६० मध्ये आपलं सिनेगॉग सॅम्युएल स्ट्रीटवर नव्याने उभं राहिलं.

१९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली. आमचीही निम्मी गेली. मिनयानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायला तुम्हाला फोन करावे लागतात, तरी दार उघडायचं तुम्ही चुकवत नाही. त्या धावपळीत माझ्यासाठी वेळ काढलात, चहा पाजलात, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंत.

काका, मनापासून आभार. माझ्या मुलांनी हे माझ्याकडून नव्हे, तुमच्याच तोंडून ऐकावं असं वाटतं. सण उरकले की तुमची सवड कळवा, त्यांना घेऊन येते.

तुमची,
रेवदंड्याच्या आजीची नात