जाताना साडेचार तास, येताना दहा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांमधून शिडाच्या बोटीने हिंडण्यावर लेख आला होता. भाषा छान, फोटो त्याहून छान. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथला समुद्र तळ्यासारखा शांत असतो, हे वाचल्यावर माझा लाल पेन आपसूक बाहेर आला. मी नाशिकच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि मागच्या ऑगस्टमध्ये त्या 'तळ्यात' सात दिवस काढले. आमच्या कॉलनीतली दोन कुटुंबं हा लेख वाचून पुढच्या जुलैसाठी बोट बघायला लागली आहेत, म्हणून लिहायला बसले. एरवी प्रवासवर्णनातल्या चुका मी सोडून देते.

आम्ही पाच जण होतो. मुलगा आणि सून जर्मनीत असतात, दोघंही शिडाची बोट चालवायला शिकलेत. ग्रीसमध्ये अशी बोट स्वतःच्या हिमतीवर भाड्याने घ्यायची तर एकाकडे परवाना लागतो आणि सोबतीला दुसरं जाणतं माणूस लागतं. नऊ वर्षांची नात, मी आणि आमचे हे. ह्यांची नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली, त्यामुळे सात दिवसांचं वेळापत्रक आखून, टाइप करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घेतलेलं. शनिवारी पारोस, रविवारी नाक्सोस, मंगळवारी इओस, शुक्रवारी संध्याकाळी पाचला पारोसला बोट परत.

नाक्सोसच्या बंदरात शिरताना संगमरवराची एक भलीमोठी चौकट दिसते. अपोलोचं देऊळ इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बांधायला घेतलं, ते अर्धवटच राहिलं, दार तेवढं उभं आहे. नात म्हणाली, "आजी, हे तर आपल्या बिल्डरसारखं झालं."

नाक्सोसहून दक्षिणेला इओस, साधारण २४ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वारा पाठीमागून होता, शिडं भरलेली, साडेचार तासांत पोचलो. मी सुनेला म्हटलं, यात अवघड ते काय? ती हसली आणि म्हणाली, "आई, अजून परत जायचंय."

हा परतीचा भाग त्या लेखात कुठेच नाही. एजियनमध्ये, म्हणजे ही बेटं ज्या समुद्रात आहेत तिथे, उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्येच त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. जुने ग्रीक त्याला एतेसियन, म्हणजे 'दरवर्षी येणारे वारे' म्हणत. आपला मान्सून हा शब्दही अरबीतल्या 'मौसिम'वरून, म्हणजे ऋतूवरूनच आला. नात्यातलेच म्हणायचे, आणि नुसतं नावापुरतं नातं नाही. आपल्या पावसाला ओढून आणणारा आशियातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून वारा एजियनवर उतरतो. आम्ही इओसला अडकलो त्या बुधवारी मैत्रिणीने रामकुंडावरचा फोटो पाठवला, दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्या मूर्तीवरून आम्ही गोदेचा पूर मोजतो तिच्या, कमरेला पाणी लागलेलं. इथे गोदेला पूर, तिथे कोरडा सोसाट्याचा वारा. आकाशात मात्र ढगाचा ठिपका नाही. फोटोत म्हणूनच तो समुद्र इतका निळा आणि शांत दिसतो, वारा काही फोटोत येत नाही!

हवामानाच्या अंदाजात लिहिलं होतं, बोफोर्ट ७. माझ्या डोक्यात तो नुसता आकडा. वाऱ्याच्या बोफोर्ट मोजपट्टीतलं ७ म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटरचा वारा, हे मी वर्गात फळ्यावर लिहिलेलं आहे. पण मुलाने धक्क्याच्या टोकापर्यंत नेऊन बाहेरची पांढरी फेसाळ रांग दाखवली, तेव्हा तो आकडा पोटात गेला. आपल्याकडे कोणी सांगितलं की गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, तर नाशिककर पहिला प्रश्न विचारतो, मारुतीच्या कुठपर्यंत? तसंच हे.

बुधवार बंदरात गेला. गुरुवारही गेला. होमरची समाधी याच बेटावर असल्याचं सांगतात, ती बघायलाही आम्ही गेलो नाही, कारण शेजारच्या बोटीचा नांगर सुटून ती आमच्या अंगावर आली तर कोणीतरी हजर असायला हवं. मी खिचडी केली. बोटीतली शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली असते, बोट हलली की शेगडी पाळण्यासारखी झुलते आणि भांडं सरळ राहतं. तिचं मला फार कौतुक वाटलं. ह्यांनी वेळापत्रक काढलं, पाहिलं आणि घडी करून पुन्हा पिशवीत ठेवलं. दोन दिवसांत त्यांचं तेवढंच बोलणं झालं.

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघालो. रात्री वारा जरासा पडला होता. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, वर नातीला कमरेच्या पट्ट्याने बोटीशी बांधलेलं. पारोस सरळ रेषेत २३ सागरी मैल, पण वारा नेमका तिथूनच येत होता. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून तिरपं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपं. घाटातला रस्ता जसा वळणं घेत चढतो, तसं. वळायची वेळ आली की सून ओरडायची, शीड कडाड करून एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जायचं आणि इतका वेळ उंच असलेली आमची बाजू पाण्याकडे कलायची. कपाटात नीट लावलेला नाशिकचा चिवडा तिसऱ्या वळणाला बाहेर आला. मी गालात आलेपाकाची वडी धरून दोरीला घट्ट धरून बसले होते. ह्यांना आलेपाक नको होता. त्यांनी पुढचे तीन तास बादली धरली.

आता माझी स्वतःची चूक. पारोसचा डोंगर साडेसातशे मीटरच्या वर आहे. मला वाटलं, त्याच्या दक्षिणेला, वातविन्मुख बाजूला पोचलो की सुटलो. इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं, हे उदाहरण देऊन मी डोंगराचा आडोसा शिकवला होता ना! मुलाने मात्र तिथे पोचायच्या आधीच शीड गुंडाळून आणखी लहान केलं. मी विचारलं, आता कशाला? तो म्हणाला, "आई, तुझा डोंगर पाऊस अडवतो. हा वारा वरून खाली पडतो." पाण्यावर एक काळपट डाग आमच्याकडे धावत येताना दिसला आणि बोट एका अंगावर झोपली. लाटा तिथे खरंच लहान होत्या, पण वाऱ्याचे झोके उघड्या समुद्रापेक्षा जोराचे होते. डोंगराच्या पलीकडचा वारा असा कोसळतो, हे मी बत्तीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नाही.

अडीच वाजता पारोसच्या बंदरात शिरलो. दहा तास. नातीने वहीत आकडा लिहून ठेवलाय, २३ मैलांचे ३५ झाले होते.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं. जून किंवा सप्टेंबर बघा. जुलै-ऑगस्टच हवा असेल तर ग्रीसच्या पश्चिमेची बेटं, कॉर्फू, लेफकाडा वगैरे, तिकडे मेल्तेमी पोचत नाही, दुपारचा वाराही बेताचा असतो. एजियनमध्येच जायचं तर आधी उत्तरेला जा, म्हणजे येताना वारा पाठीशी येईल. दोन दिवस मोकळे ठेवा आणि विमानाचं तिकीट बोट परत करायच्या दिवसाचं काढू नका. आमचं रविवारचं होतं, म्हणून निभावलं.

कॉलनीतल्या दोन्ही घरी मी फोन केला. एकांनी सप्टेंबर ठरवलाय. दुसरे म्हणाले, काकू, आमची तिकिटं काढून झाली. त्यांना मी आलेपाक देणार आहे, मोठा डबा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
गंगापूर रोड, नाशिक