खुले पत्र: रुग्णाला जोडलेल्या यंत्राचा अडॅप्टरही वैद्यकीय मानकाचाच हवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नागपुरातील रुग्णालयांत वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचे काम मी करतो. नुकताच एका वॉर्डात, खाटेशेजारच्या मॉनिटरला सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला अडॅप्टर लावलेला दिसला. १२ व्होल्ट, ५ अँपिअर, पिन चपखल बसलेली, वर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आयएस १३२५२’ हा क्रमांक. खूण खरी मानली, तरी ते मानक संगणक, राउटर अशा माहिती-तंत्रज्ञान उपकरणांचे आहे. वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी आयएस १३४५० आहे, जे आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले आहे.

हा भेद कागदापुरता नाही. अडॅप्टरमधला विद्युत गोंगाट (नको असलेले विजेचे तरंग) दाबण्यासाठी मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कॅपॅसिटर बसवलेला असतो आणि त्यातून थोडा लीकेज करंट (गळतीचा विद्युतप्रवाह) सतत पलीकडे जात राहतो. अर्थिंग नसलेल्या संगणकीय अडॅप्टरला २५० मायक्रोअँपिअरपर्यंत मुभा आहे. वैद्यकीय मानकात, सर्व काही सुरळीत असताना, स्पर्शातून जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा १०० मायक्रोअँपिअर आहे, आणि थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या जोडणीतून रुग्णाकडे जाणाऱ्या प्रवाहाची तर केवळ १०. निरोगी माणसाला जो प्रवाह जाणवतही नाही, तो जेल लावलेल्या इलेक्ट्रोडखाली किंवा हृदयापर्यंत गेलेल्या कॅथेटरवाटे (बारीक नळीवाटे) घातक ठरू शकतो, आणि बेशुद्ध रुग्ण हात झटकूही शकत नाही. म्हणूनच वैद्यकीय मानकात रुग्णाच्या संरक्षणाचे दोन स्वतंत्र अडथळे मागितले आहेत: एक निकामी झाला तरी दुसरा उभा राहावा.

शिवाय मॉनिटरचे प्रमाणपत्र उत्पादकाने नेमून दिलेल्या अडॅप्टरसह केलेल्या चाचणीवर दिलेले असते. अडॅप्टर बदलला की त्या चाचणीचा आधारच उरत नाही. त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या घरात, आणि अनेक अडॅप्टर ४० अंशांपर्यंतच पूर्ण भार पेलण्यासाठी बनवलेले असतात.

वॉर्डातल्या परिचारिकेला किंवा वायरमनला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण त्यांना व्होल्टेज आणि पिन एवढेच पाहायला शिकवलेले असते. चूक खरेदीच्या कागदांत आहे. म्हणून आपणास आग्रहाची विनंती आहे की, शासकीय रुग्णालयांच्या निविदा व देखभाल करारांत बदली अडॅप्टर उत्पादकाने नेमलेला, किंवा आयएस १३४५० नुसार प्रमाणित आणि उत्पादकाने लेखी मान्य केलेला असावा, अशी अट घालावी, आणि सध्या वापरात असलेल्या अडॅप्टरांची तपासणी अतिदक्षता विभागांपासून तातडीने सुरू करावी.

आपला नम्र,
एक बायोमेडिकल तंत्रज्ञ, नागपूर