तुझा पंखा

प्रिय अव्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच. शिव्या नंतर घाल, आधी ऐक. तुझ्या टेबल फॅनचं मी काहीतरी करून बसलोय.

रविवारी सुरसुरी आली. जाळीतून बघितलं तर पात्याची जी कडा हवा कापत जाते, नेमकी तिच्यावरच करड्या लोकरीसारखी धूळ बसलेली. काडीने ओढली तर सबंध पट्टी सोलून आली. म्हटलं, उतरवूच सगळं. प्लग काढला (हो, काढला; नाना असते तर शाबासकी दिली असती). जाळी निघाली, पण मधली टोपी निघेना. फडकं गुंडाळून डावीकडे पिळली, मग पक्कड लावली. कट्‌! टोपीला केसाएवढी चीर.

आणि तेव्हा तुझा आवाज आला, "गाढवा, उलटे आटे!" यावरून आपण अख्खी रात्र भांडलो होतो. फिरता फिरता टोपी सुटू नये, उलट आवळत जावी म्हणून आटे उलटे पाडतात, हे तू घसा फोडून सांगत होतास आणि मी म्हणत होतो, थापा. वश्याच्या मोटरसायकलच्या मारल्या होत्यास तशा. (त्या थापाच होत्या. ते मी सोडणार नाही.)

उजवीकडे फिरवली. दोन बोटांत सुटली.

पाती साबणाने धुऊन वाळवली, मोटरला नुसता कोरडा ब्रश. जोडून बटण दाबलं तर पंखा हूं हूं करतोय, पातं जागचं हलत नाही. कंडेन्सर गेला? बुश सुकला? की माझ्या पिळापिळीत दांडाच वाकला? रात्री तीनदा उठून बघितलं. बंद करून हाताने फिरवलं तर जड लागतंय, दांड्यावरचं जुनं तेल डिंकासारखं झालंय. ते पुसून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलंय. कंडेन्सरला हात लावलेला नाही. प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो, हे तुझंच पालुपद.

तुझी बदली झाली म्हणे? धाकटीचा निकाल कळव. आईंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. सकाळी फिरला. मान डावीकडे अडते, पण ती तू ठेवून गेलास तेव्हाही अडत होती. ते माझ्यावर घालू नकोस.