परवा फोनवर मी का ओरडले

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी तू सहज सांगितलंस, "आई, गाडी वळवली की तो किटलीच्या चित्राचा, ऑइलचा लाल दिवा लागतो. सरळ रस्त्याला लागलं की विझतो. चार दिवस झाले, सेन्सर गेला असेल." पुढचं काही मी तुला बोलूच दिलं नाही. "किल्ली फिरवू नकोस, आधी बॉनेट उघड, डिपस्टिक बघ," असं मी जवळजवळ किंचाळलेच. तू मुकाट्याने खाली गेलास, ती ऑइल मोजायची पट्टी ओढलीस, आणि तुझा आवाज एकदम बारीक झाला. टोकाला जेमतेम ओल होती. दोन लिटर ऑइल घातल्यावर कुठे ते वरच्या खुणेजवळ आलं. नंतर तू म्हणालास, "एवढं काय झालं ओरडायला?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आज बसून लिहिते आहे. पाकिटात कागदात गुंडाळलेली एक छोटी वस्तू आहे, ती अजून उघडू नकोस.

तू चार वर्षांचा होतास. आपली ती जुनी गाडी तुला आठवत नसेल. सर्व्हिसिंग होऊन सात हजार किलोमीटर झाले होते, पुढचं दहा हजारांवर करायचं होतं, आणि मधल्या काळात बॉनेट उघडायचं काही कारण असतं हे माझ्या गावीही नव्हतं. पेट्रोल भरत होते, टायरची हवा बघत होते, काच पुसत होते. मागे धूर दिसत नव्हता, गाडी उभी असायची तिथे खाली डाग नव्हता. पण इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि ऑइल थोडं थोडं पेट्रोलबरोबर जळून जात होतं.

नंतर गॅरेजमध्ये मेकॅनिकने हिशेब मांडला तो मला अजून पाठ आहे. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, चार लिटर ऑइल. दर हजार किलोमीटरला अंदाजे चारशे मिलिलिटर जळतंय. सात हजारांत गेलं दोन लिटर आठशे. उरलं एक लिटर दोनशे. आता तेच उलट बघ: एका किलोमीटरला अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी, म्हणजे सात-आठ थेंब. एवढ्याचा धूर कोणाला दिसणार? म्हणून "गळत नाही, धूर नाही, म्हणजे ऑइल असणारच" या समजुतीवर मी आता कधी विसंबत नाही.

त्या रात्रीही दिवा आधी वळणांवरच लागला. तू मागच्या सीटवर झोपला होतास. मी मनाशी म्हटलं, सरळ रस्त्यावर विझतोय ना, मग विशेष काही नाही, घरी जाऊन बघू. अर्धा तास तशीच चालवली. मग टकटक सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढायची, सोडला की कमी व्हायची. थोड्या वेळाने आत कोणीतरी हातोडीने ठोकावं तसा आवाज यायला लागला, गाडीचा दम गेला आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली तर स्टार्टरने फक्त एकदा 'कट' केलं. इंजिन सीझ झालं होतं, म्हणजे आतून घट्ट अडकलं होतं. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने आपली गाडी हलत होती. तू उठून विचारलंस, "घर आलं?" परवा फोनवर तू "वळवली की दिवा लागतो" म्हणालास ना, तेव्हा मला तो हलणारा पत्रा आणि तुझा तो झोपेतला आवाज, दोन्ही एकदम आठवलं.

आता ती वस्तू उघड.

अर्ध्या बांगडीसारखी जी पत्र्याची पट्टी दिसते आहे ना, ते बेअरिंगचं शेल. त्या गाडीचं. अशी दोन शेल समोरासमोर बसतात, त्यांच्या आत क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. बाहेरून पोलाद आणि आतून मऊ धातूचा पातळ थर. नवं असताना आतली बाजू इतकी गुळगुळीत असते की बोट घसरतं. याच्यावर नख फिरवून बघ. चरे आहेत, एका बाजूला थर वितळून पुढे ओघळलाय, कड निळी पडली आहे. ती निळाई तापल्याची. मेकॅनिक मला एवढंच म्हणाला, "बेअरिंग फिरलंय ताई, क्रँकही खाल्लाय."

मी तेव्हा त्याला विचारलं होतं की ऑइल कमी झालं म्हणून लोखंड असं कसं वितळेल. त्याने नीट समजावलं. क्रँकशाफ्ट या शेलवर टेकून फिरतच नाही. दोघांच्या मध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते, साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी. पंप त्या फटीत दाबाने ऑइल सोडतो, फिरणारा शाफ्ट ते स्वतःबरोबर ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. इंजिन सुरू होतानाचे क्षण सोडले तर धातूला धातू लागत नाही. तीन हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास फेरे घेतो. त्या वेगात तो थर तुटला की मऊ धातू पुसला जायला फार वेळ लागत नाही. शिवाय पिस्टनच्या खालची आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचं कामही ऑइलच करतं. चार लिटरचं काम सव्वा लिटरवर पडलं, की तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरतं, त्याला निवायला सवड मिळत नाही आणि ते लवकर खराबही होतं.

आणि तो दिवा. तो ऑइल किती आहे हे सांगतच नाही, सोन्या. त्याला फक्त दाब कळतो. पंपाचं तोंड सम्पच्या तळाशी बुडालेलं असतं. जोवर ते बुडालेलं आहे तोवर दाब ठीक राहतो, मग वर ऑइल दोन लिटर कमी का असेना, दिवा गप्प. वळणावर उरलंसुरलं ऑइल एका अंगाला जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. तेवढ्या वेळापुरता दिवा लागतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा बेअरिंगला ऑइल पोचत नाहीये, त्या क्षणी. आत्ता बंद कर, एवढाच त्याचा अर्थ. गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो, असंही नाही. बंद करायची, ऑइल बघायचं, आणि ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर टो करून न्यायची. काही नव्या गाड्यांत लेव्हल दाखवणारा वेगळा सेन्सर असतो, तुझ्या गाडीत नाही. तुझ्या गाडीत ती पट्टीच आहे आणि ती उत्तम आहे.

आता तुझ्या इंजिनाचं. उगाच धीर द्यायला "काही झालं नाही" असं मी म्हणणार नाही. चार दिवस तू वळणांवर पंपाला हवा ओढू दिली आहेस. बेअरिंगला थोडं लागलं असेल किंवा नसेलही. म्हणून या शनिवारी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घे, आणि काढलेलं जुनं ऑइल तुझ्यासमोर एका स्वच्छ ट्रेमध्ये घ्यायला सांग. उन्हात धरून बघ. चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली तर तो बेअरिंगचा धातू असू शकतो. फिल्टर कापून आतला कागदही उलगडून बघायला सांग. ऑइल नुसतं काळं असेल तर घाबरू नकोस, काळं होणं म्हणजे ते मळ पोटात घेतंय. दुधाळ दिसलं तर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, त्यात मिसळत असेल, ते वेगळंच दुखणं. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घालायला सांग.

मग गेलं कुठे ते शोध. दोन रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेव. सकाळी थेंब दिसले तर गळती आहे, आणि ते कुठे पडलेत यावरून मेकॅनिकला जागा सापडेल: ड्रेन प्लग, फिल्टर, टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा मागचं सील. पुठ्ठा कोरडा राहिला तर जळतंय असं धर. गाडी सिग्नलला बराच वेळ उभी राहून निघाली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, ते मागच्या गाडीतल्या मित्राला बघायला सांग.

एकच गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेव. दर हजार किलोमीटरला, आणि लांब जायचं असेल तर त्याआधी, पट्टी बघून तारीख, किलोमीटर आणि लेव्हल लिही. गाडी सपाट जागी, इंजिन गरम होऊन बंद केलेलं, पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. पट्टी काढ, पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. पहिल्यांदा काढलेली पट्टी बघून काही ठरवू नकोस, तिला सगळीकडे ऑइल लागलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे घालताना थोडं थोडं घाल आणि वरच्या खुणेपुढे जाऊ नकोस. जास्त झालं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो, आणि फेसाचा थर धरत नाही. एका दिवसाच्या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही. चार-पाच नोंदी झाल्या की तुझी गाडी किती पिते ते तुला कळेल. मग कधी घालायचं हे कुठल्या दिव्याने सांगायची गरज उरणार नाही. मी इतकी वर्षं ही वही ठेवते आहे. गाडी बदलली तरी वही तीच.

एवढ्यात जोरात टकटक ऐकू आली, विशेषतः सकाळी सुरू करताना किंवा चढावर, तर तिथेच थांबव. मीटिंग बुडाली तर बुडू दे.

शनिवारी तो ट्रे फेकू देऊ नकोस, आधी नीट बघ, आणि काय दिसलं ते मला फोन करून सांग. मी सकाळपासून फोन जवळच ठेवते.

तुझी,
आई